पिवळ्या यादीतले इंजेक्शन आणि कॅज्युअल्टीतला सव्वा तास

नाशिकमधील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात मी क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून काम करते आणि तेथील अँटिबायोटिक समितीची सदस्य आहे. कोणते अँटिबायोटिक कोणी, केव्हा आणि कोणाच्या संमतीने लिहावे याचे नियम आमच्या समितीने तयार केले, छापले आणि प्रत्येक वॉर्डातील नर्सिंग काउंटरवर लावले. पुढे दिलेल्या प्रकरणात हेच नियम एका रुग्णाच्या उपचारात वारंवार आडवे आले किंवा उपयोगी पडले, आणि त्यांनी नेमके कोठे अडवावे व कोठे अडवू नये याचा फेरविचार आम्हाला करावा लागला. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नियम काय होते

आमच्याकडे तीन याद्या आहेत. हिरव्या यादीतील औषध ड्यूटीवरील कोणताही डॉक्टर लिहू शकतो. पिवळ्या यादीतील औषधासाठी अर्ज भरून समितीच्या तीन संमतीदारांपैकी एकाची सही घ्यावी लागते. मेरोपेनेम या यादीत आहे. लाल यादीत कोलिस्टिनसारखी शेवटच्या फळीची औषधे असून त्यांना दोन सह्या लागतात, आणि त्यांपैकी एक सही करणाऱ्याने रुग्णाला प्रत्यक्ष पाहिलेले असले पाहिजे.

ही विभागणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये आणलेल्या अँटिबायोटिकच्या ‘अवेअर’ वर्गीकरणावर बेतलेली आहे, पण ती हुबेहूब तशी नाही. संघटनेच्या वर्गीकरणात सेफ्ट्रिॲक्सोन हे मेरोपेनेमच्याच, म्हणजे जपून वापरायच्या ‘वॉच’ गटात बसते. आम्ही मात्र ते हिरव्या यादीत ठेवले, कारण त्याच्या प्रत्येक व्हायलसाठी (इंजेक्शनच्या बाटलीसाठी) अर्ज मागितला असता तर अर्ज तपासण्यासाठी वेगळा माणूस नेमावा लागला असता. ही तडजोड आहे, आणि या प्रकरणाची सुरुवात पाहता ती कबूल करणे भाग आहे.

कायद्यानेही एक नोंदवही आमच्या गळ्यात आहेच. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या शेड्यूल एच-१ या यादीतील औषधे देताना डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या यांची स्वतंत्र नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. औषध कोणी दिले आणि किती दिले हे त्या वहीत सापडते. कशासाठी दिले हे मात्र सापडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र लिहून अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर नेमके कारण लिहिण्याचे आवाहन केले, तेव्हा आमच्या अर्जातील ‘कारण’ हा रकाना आम्हाला अभिमानाने दाखवता आला. तो रकाना बहुतेक वेळा ‘सेप्सिस’ (संसर्गामुळे अवयवांचे काम बिघडणे) या एका शब्दाने भरलेला असतो, हा भाग वेगळा.

पहिली रात्र

रुग्ण दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदार, वय ६७, वजन ६२ किलो. घरचे त्यांना नाना म्हणत, म्हणून येथेही तेच नाव ठेवले आहे. चौदा वर्षांचा मधुमेह, प्रोस्टेटची वाढ आणि सहा वर्षांपूर्वी येऊन गेलेला पक्षाघात. चार दिवसांपासून थंडी वाजून ताप येत होता. गावाकडे तीन दिवस सलाईनमधून सेफ्ट्रिॲक्सोन चालले. तिसऱ्या दिवशी लघवी अडली म्हणून कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला गेला. चौथ्या रात्री नाना बरळू लागले तेव्हा मुलाने गाडी काढली, आणि रात्री ११.४० वाजता ते आमच्या कॅज्युअल्टीत पोचले.

रक्तदाब ८४/५०, नाडी १२४, ताप १०२.८ फॅरनहाइट, लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडत असल्याची खूण) ४.१, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारे) २.३. आरएमओने, म्हणजे ड्यूटीवरील निवासी डॉक्टरने, दहा मिनिटांत सेप्टिक शॉकचा (संसर्गामुळे रक्तदाब कोसळल्याचा) अंदाज केला, सलाईन सुरू केले, रक्ताच्या कल्चरचे (जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीचे) दोन संच घेतले, जुना कॅथेटर काढून नवा घातला आणि नव्या कॅथेटरमधून लघवीचा नमुना घेतला. सेफ्ट्रिॲक्सोनचे तीन दिवस वाया गेलेले, मधुमेह, कॅथेटर आणि त्यावर शॉक, एवढे समोर असताना त्याने मेरोपेनेम लिहिले. ती फाईल मी नंतर तीनदा वाचली. त्या क्षणी मीही तेच सुचवले असते.

फार्मसीच्या काउंटरवर मात्र गाडी अडली. संमतीदारांच्या यादीतील पहिले डॉक्टर आठवडाभर रजेवर होते आणि यादीत त्यांचेच नाव वर होते. ती यादी दर सोमवारी बदलणे हे माझे काम होते आणि त्या सोमवारी ते राहून गेले होते. दुसऱ्या संमतीदार, म्हणजे आमच्या मायक्रोबायोलॉजिस्ट, झोपलेल्या होत्या आणि त्यांचा फोन सायलेंटवर होता. तिसरे, म्हणजे आयसीयूचे प्रमुख, त्याच वेळी दुसऱ्या रुग्णाच्या घशात नळी घालत होते. रात्रपाळीच्या फार्मासिस्टला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. तो आरएमओला म्हणाला, “सर, सहीशिवाय मला व्हायल देता येत नाही. मागच्याच महिन्यात मला यावरून मेमो मिळाला आहे.”

तो मेमो मी काढला होता.

आरएमओने वाद घालत बसण्याऐवजी हिरव्या यादीतील अमिकासिनचा ९०० मिलिग्रॅमचा एक डोस १२.१० वाजता दिला. क्रिएटिनिन वाढलेले असताना मूत्रपिंडाला जड जाणारे अमिकासिन देताना हात थोडा थांबतोच, पण एकाच डोसपुरता हा निर्णय रास्त होता. आयसीयूचे प्रमुख मोकळे झाल्यावर त्यांनी अर्जावर सही केली आणि रात्री १.०५ वाजता मेरोपेनेमचा पहिला ग्रॅम नानांच्या शिरेत गेला. शॉक ओळखल्यापासून सव्वा तास झाला होता. सेप्सिसच्या उपचारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना शॉकमध्ये अँटिबायोटिक शक्यतो एका तासाच्या आत द्यावे असे सांगतात.

पुढे कल्चर आले तेव्हा तो जंतू अमिकासिनला दाद देणारा निघाला. त्यामुळे उशिराने नानांचे काही बिघडले असे म्हणता येत नाही. पण त्याचे श्रेय आरएमओच्या प्रसंगावधानाला आणि थोडे नशिबाला आहे. आमच्या नियमाला ते मुळीच नाही.

औषधांची पिशवी

सकाळी साडेनऊला मी फाईल पाहायला आयसीयूत गेले तेव्हा मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याच्या मांडीवर खतविक्रेत्याच्या नावाची कापडी पिशवी होती आणि तीत नानांच्या गोळ्या. साखरेच्या, प्रोस्टेटच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटांखाली सोडियम व्हॅल्प्रोएट ५०० ची सहा गोळ्या संपलेली पट्टी होती.

“ही कशासाठी?” मी विचारले.

“फिट येऊ नये म्हणून, मॅडम. पॅरालिसिसनंतर नानांना दोनदा आली होती. तेव्हापासून चालू आहे.”

कॅज्युअल्टीच्या कागदावर फक्त ‘मधुमेह, जुना पक्षाघात’ एवढेच होते. मेरोपेनेम आणि त्याच्या कुळातील इतर कार्बापेनेम औषधे रक्तातील व्हॅल्प्रोएटचे प्रमाण झपाट्याने खाली आणतात. एक-दोन दिवसांत ते इतके घसरते की फिटपासूनचे संरक्षण जवळपास उरत नाही, आणि व्हॅल्प्रोएटची मात्रा वाढवूनही फारसा फरक पडत नाही. शिवाय मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या रुग्णात मेरोपेनेम साठून स्वतःच फिट आणू शकते. म्हणजे नानांना दोन्ही बाजूंनी धोका होता. न्यूरोलॉजिस्टशी बोलून त्याच सकाळी लेव्हेटिरॅसिटाम हे फिटचे दुसरे औषध ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले. पहिला दिवस मेरोपेनेम पूर्ण मात्रेत ठेवून नंतर मूत्रपिंडाच्या हिशेबाने दर १२ तासांनी १ ग्रॅम केले. फिट आली नाही.

आमच्या अर्जात त्या वेळी चौदा रकाने होते. रुग्णाचा नोंदणी क्रमांक दोन ठिकाणी विचारलेला होता. रुग्ण आधीपासून कोणती औषधे घेतो हे एकाही ठिकाणी नव्हते. संमती देणाऱ्याने सही करताना जे पाहायला हवे तेच अर्जात नव्हते, आणि ते एका खताच्या पिशवीतून बाहेर आले.

रिपोर्टातला ‘एस’

तिसऱ्या दिवशी रक्त आणि लघवी या दोन्ही कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू उगवला. तो ईएसबीएल प्रकारचा होता, म्हणजे सेफ्ट्रिॲक्सोनसारखी औषधे फोडून टाकणारे विकर तयार करणारा. गावाकडचे तीन दिवस का वाया गेले याचे उत्तर तेथे मिळाले. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि कोट्रायमोक्साझोल यांनाही तो जुमानत नव्हता. मेरोपेनेम, अर्टापेनेम, अमिकासिन, नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन आणि पिपरासिलिन-टाझोबॅक्टम यांपुढे मात्र ‘एस’, म्हणजे दाद देतो, असे छापलेले होते.

नियमानुसार कल्चर हाती आल्यावर पिवळ्या यादीवरून शक्य तेथे हिरव्या यादीवर उतरायचे असते. पिपरासिलिन-टाझोबॅक्टम आमच्या हिरव्या यादीत आहे. मी फाईलवर तसे सुचवणारे पिवळे स्टिकर लावले, आणि दुपारी मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडमचा फोन आला. “रिपोर्टातला ‘एस’ खोटा नाही, पण ईएसबीएल रक्तात असताना त्याच्यावर विसंबू नका. स्टिकर काढा.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेरिनो’ या बहुराष्ट्रीय चाचणीत नेमकी हीच तुलना होती: सेफ्ट्रिॲक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला रक्तात सापडलेल्या रुग्णांना पिपरासिलिन-टाझोबॅक्टम द्यावे की मेरोपेनेम. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात १२.३ टक्के आणि मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के होते. त्या आकड्यांवर नंतर बरीच चर्चा झाली, पण रक्तातील अशा संसर्गासाठी पिपरासिलिन-टाझोबॅक्टमवर उतरावे असे सुचवण्याइतका आधार त्यातून कोणालाही मिळाला नाही. नायट्रोफ्युरँटॉइन आणि तोंडावाटे घ्यायचे फॉस्फोमायसिन लघवीत उत्तम पोचतात, रक्तात पुरेसे पोचत नाहीत. अमिकासिनवर आठवडा काढावा अशी मूत्रपिंडाची स्थिती नव्हती. तेव्हा कार्बापेनेमच चालू ठेवायचे आणि प्रकृती सावरली की दिवसातून एकदाच लागणाऱ्या अर्टापेनेमवर जायचे ठरले. व्हॅल्प्रोएटची अडचण अर्टापेनेमबरोबरही तशीच राहते, म्हणून लेव्हेटिरॅसिटाम चालू ठेवले.

येथे मला माझ्याच स्टिकरबद्दल एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘खालच्या यादीत उतरा’ हे वाक्य आम्ही नियमात इतक्या ठामपणे लिहिले होते की ते पाळणे म्हणजेच योग्य उपचार असे मला वाटू लागले होते. रंग औषधांना दिलेले होते. रुग्णाच्या रक्तात काय आहे ते रंगात उतरलेले नव्हते.

लाल अर्ज

चौथ्या दिवशी संध्याकाळी नानांना पुन्हा १०१.२ ताप आला. त्याच सुमारास दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट आला: कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेबसिएला. भेट देणाऱ्या युरोसर्जन सरांनी कोलिस्टिनचा लाल अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात ‘एमडीआर (अनेक औषधांना न जुमानणारा) क्लेबसिएला, ताप’ असे लिहिले होते.

कागदावर पाहिले तर अर्ज नाकारण्यासारखे त्यात काही नव्हते. मात्र लाल यादीच्या नियमाने सही करण्यापूर्वी खाटेपाशी जावे लागते, म्हणून संध्याकाळी सातच्या सुमारास मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडम आणि मी वॉर्डात गेलो. नाना टेकून बसले होते आणि मुलगा त्यांना चमच्याने मुगाची खिचडी भरवत होता. रक्तदाब टिकवणारे नॉरॲड्रेनालिन दुसऱ्याच दिवशी बंद झालेले, रक्तदाब १२६/७८, क्रिएटिनिन १.३ वर आलेले. सोनोग्राफीत मूत्रपिंडाला सूज किंवा पू दिसत नव्हता. शरीरात नवा आणि औषधाला न जुमानणारा संसर्ग पसरत असलेला माणूस असा दिसत नाही.

मॅडमनी सिस्टरांना विचारले, “दुसऱ्या दिवशीचा नमुना कोठून घेतला होता?”

“युरोबॅगमधून, म्हणजे लघवीच्या पिशवीतून, मॅडम. ताप आला की युरीन कल्चर पाठवायचे असते ना.”

पिशवीत तासन्‌तास साठलेल्या लघवीत काय वाढते यावरून रुग्णाच्या शरीरात काय चालले आहे ते कळत नाही. नमुना कॅथेटरच्या पोर्टवरून, स्पिरिटने पुसून, सुईने घ्यायचा असतो. हे वॉर्डातील प्रत्येकाला शिकवलेले आहे आणि गर्दीच्या पाळीत ते प्रत्येकाच्या हातून सुटते.

मग ताप कशाचा? मॅडमनी पांघरूण बाजूला करून नानांचा डावा हात उजेडात घेतला. मनगटावरच्या व्हेनफ्लॉनच्या (शिरेत बसवलेल्या सुईच्या) चिकटपट्टीवरील तारीख स्पिरिटने पुसट झाली होती, पण तो कॅज्युअल्टीतल्या रात्रीचाच होता. पट्टी सोडवली तेव्हा सुईपासून कोपराच्या दिशेने चार बोटे लांबीची लाल, गरम, दोरीसारखी टणक रेघ दिसली, आणि तेथे बोट टेकवताच नानांनी हात ओढून घेतला. शिरेला सूज आली होती. व्हेनफ्लॉन काढला, दुसऱ्या हातातून रक्ताचे कल्चर घेतले आणि लाल अर्ज सही न करता परत केला. मागच्या बाजूला कारण चार ओळींत लिहिले आणि मॅडमनी युरोसर्जन सरांना स्वतः फोन करून सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप ९९.४ होता. ते कल्चर पुढे निर्जंतुक आले.

कोलिस्टिन दिले असते तर काय झाले असते, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. नुकत्या सावरलेल्या मूत्रपिंडांवर ते औषध जड जाते, हे ते वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय त्याची चाचणीही भरवशाची नसते. साध्या डिस्क पद्धतीने कोलिस्टिनची संवेदनशीलता ठरवता येत नाही, आणि २०२० पासून अमेरिकेतील सीएलएसआय या मानके ठरवणाऱ्या संस्थेने या जंतूंच्या बाबतीत कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा वर्गच ठेवलेला नाही; फक्त ‘इंटरमीजिएट’ आणि ‘रेझिस्टंट’ उरले आहेत. याच औषधाचा कोंबड्या आणि इतर पशुपालनातील वापर भारत सरकारने २०१९ मध्ये बंद केला. नाशिक जिल्ह्यातील पोल्ट्रीवाल्यांना ते नाव कित्येक घरच्या डॉक्टरांपेक्षा आधी माहीत होते.

सात दिवस

पाचव्या दिवशी अर्टापेनेम १ ग्रॅम रोज एकदा असे सुरू झाले. एकूण सात दिवसांचा कोर्स पुरे, असे फिजिशियन सरांनी ठरवले. ई. कोलायसारख्या जंतूंच्या रक्तसंसर्गात रुग्ण स्थिर झाला असेल आणि संसर्गाचे मूळ आटोक्यात असेल तर सात दिवस चौदा दिवसांपेक्षा कमी पडत नाहीत, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले होते. नानांच्या प्रोस्टेटला तपासणीत दुखरेपणा नव्हता, हे त्यात धरलेले होते. तसा असता तर हिशेब वेगळा झाला असता.

मुलाला हे पटेना. “पैशाची काळजी करू नका मॅडम. भारी औषध लागू पडले आहे तर पंधरा दिवस चालू ठेवा.”

त्याला बॅक्टेरियाचे जनुक वगैरे समजावण्याची गरज पडली नाही. द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी एकच औषध लागोपाठ मारले तर काय होते, एवढेच मी विचारले. तो थोडा हसला आणि म्हणाला, “पुढच्या हंगामात लागू पडत नाही. आम्ही गट बदलून मारतो.” बाग आणि माणूस यांची तुलना फार ताणू नये हे खरे, पण औषधाचा गट आणि फवारणीची संख्या यांचा हिशेब जो दर आठवड्याला करतो, त्याला हा मुद्दा आमच्या काही निवासी डॉक्टरांपेक्षा लवकर कळतो.

सहाव्या दिवशी नाना घरी गेले. शेवटचा डोस सातव्या दिवशी त्यांच्या गावाजवळच्या डॉक्टरांकडे दिला गेला. तेच डॉक्टर, ज्यांनी सेफ्ट्रिॲक्सोन दिले होते. आमच्या डिस्चार्ज कार्डावर कल्चरचा रिपोर्ट जोडला होता. तो पाहून त्यांनी दुसऱ्या दिवशी मला फोन केला आणि अशा तापात पहिल्याच दिवशी लघवीचे कल्चर नाशिकला पाठवता येईल का, असे विचारले. आता ते पाठवतात.

समितीत काय बदलले

पुढच्या बैठकीत पहिल्या रात्रीवरून बरीच खडाजंगी झाली. शॉकमध्ये पहिला डोस मोकळा सोडला तर उद्या कॅज्युअल्टीतला प्रत्येक ताप शॉक म्हणून नोंदवला जाईल, असे एका ज्येष्ठ सदस्याचे म्हणणे होते, आणि त्यांचा अनुभव पाहता ते अगदीच निराधार नव्हते. शेवटी असे ठरले की कॅज्युअल्टीत मेरोपेनेमच्या दोन व्हायल सीलबंद ट्रेमध्ये राहतील. रक्तदाब आणि लॅक्टेट लिहून आरएमओ सील तोडू शकेल, आणि अर्ज २४ तासांत भरला जाईल. अडवायचे ते दुसऱ्या दिवसापासून. रात्रपाळीच्या फार्मासिस्टचा मेमो मागे घेतला. त्याला तसे लेखी दिले.

अर्जातून नोंदणी क्रमांकाचा दुसरा रकाना गेला आणि त्या जागी ‘घरची औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट’ असे आले. लाल अर्जात नमुना कोठून व कसा घेतला हे विचारले जाऊ लागले. ७२ तासांनी पिवळे औषध आपोआप बंद व्हावे, ही माझी जुनी सूचना मी स्वतःच मागे घेतली. रविवारी रात्री आपोआप बंद झालेले औषध सोमवारी सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही, तर चुकणारा डोस नानांसारख्याचाच असेल. त्याऐवजी ७२ तास झाले की फार्मसी वॉर्डाला फोन करते आणि उत्तर फाईलवर लिहिले जाते. संमतीदारांची यादी अजूनही दर सोमवारी मीच बदलते. फक्त आता ती रविवारीच आयसीयूच्या फळ्यावर लिहिलेली असते.

सेफ्ट्रिॲक्सोन मात्र हिरव्या यादीतच राहिले. ते पिवळ्या यादीत न्यावे असा प्रस्ताव मी मांडला होता, तो मान्य झाला नाही, आणि रोजची संख्या पाहता त्या दिवशी माझ्याकडेही त्यावर चांगले उत्तर नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात नाना कॅथेटर काढण्यासाठी ओपीडीत आले. कॅथेटर काढल्यावर तीन तासांत त्यांना स्वतः लघवी झाली. न्यूरोलॉजिस्टांनी लेव्हेटिरॅसिटामच पुढे चालू ठेवायचे ठरवले. कोणीतरी सवयीने लघवीचे कल्चर पाठवले होते. दोन दिवसांनी मुलगा तो रिपोर्ट घेऊन माझ्या खिडकीपाशी आला. तोच ई. कोलाय पुन्हा उगवला होता. नानांना ताप नव्हता, जळजळ नव्हती, भूक पूर्वीसारखी होती, आणि कोणत्याही रंगाच्या यादीतले औषध लिहिलेले नव्हते.

“रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, तरी औषध नाही?” त्याने विचारले.

“त्रास नाही तोवर नाही. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच रात्री या.”

त्याने रिपोर्टाची घडी घातली, ती खताच्या पिशवीत गोळ्यांच्या खाली सरकवली, आणि परतीच्या गाडीची वेळ विचारायला तो बाहेर गेला.